चौऱ्याऐंशी ब्याऐंशी

लोहाओळीत हकीमुद्दीनभाईंच्या दुकानावर माळा,
माळ्यावर माझं टेबल. कागद उडू नयेत म्हणून
त्यावर एक फुटकं बेअरिंग.

बेअरिंगचा कोड चौऱ्याऐंशी ब्याऐंशी.
आधी माल सरळ जायचा : एक बिल, एक बंदर, एक बँक.
मग तिकडे लढाई लागली, जगानं त्या देशाचं खातं गोठवलं,
आणि आठ दिवस भाईंचा डबा भरलेलाच घरी गेला.
नवव्या दिवशी फोन. आवाज तोच,
कंपनी नवी, देशही नवा.

तेव्हापासून लिहिते आहे :
अंतिम वापर, शेतीची यंत्रं.
अजनी डेपोतला डोंगरे सील ठोकता ठोकता विचारतो,
"काहून जी हेडाऊ मॅडम, एवढ्याशा देशात
इतके ट्रॅक्टर?"
मी म्हणते, पीक चांगलं असंल.

टीव्हीवरचे तज्ज्ञ म्हणाले होते, सहा महिन्यांत कोसळेल.
सहाचे बत्तीस झाले.
मला नवल वाटलं नाही.
गोळीबार चौकामागं आमच्या घरी माग होता;
तार तुटला की बाबा चिमटीत राख घेऊन
दोन टोकं पिळायचे, असे, बोटाच्या एका फिरकीत.
लुगडं नेसणारीला सांधा कधी दिसला नाही.
बाबांना मात्र सगळे पाठ होते.

दिरहम येतात. वाटेत तिघं आपापला घास घेतात,
तरी उरतं. भाईंनी दुकानाला काच लावली.
माझ्या फ्रिजचा शेवटचा हप्ता त्यातच गेला.
रात्री त्याची घरघर चालू होते
आणि मी उगीच उठून
दार लागलंय का बघते.

भाईंना खात्री लागते, म्हणून
पार शेवटच्या गोदामातून पोच येते, फोटोत.
त्यांची लिपी मला येत नाही. सही तेवढी बघते.
पहिल्या वर्षी सही तिरकी, भरधाव,
जेवायची सुट्टी झाल्यासारखी.
दुसऱ्या वर्षी थरथरणारी, कागदावर तीनदा टेकलेली.

काल नवी आली.
गोल गोल अक्षरं, एकेक सुटं,
रेघेच्या बाहेर एकही नाही.
खाली पट्टीनं मारलेली रेघ,
आम्ही शाळेत मारायचो तशी.

माल पोचला. खोकी चाळीस. तक्रार नाही.
मी फाइलला लावलं.
भाई खालून ओरडले, पुढचं बिल काढ.