आयत्या वेळचा विषय

सूचना लिफ्टशेजारी चौदा दिवस लटकत होती,
एका कोपऱ्याची टाचणी निसटलेली.
रविवार, सकाळी दहा, पार्किंगमध्ये.
अकरा वर्षं मी अशा सूचना अर्ध्या वाचून
पाचाचं बटण दाबत आले.

दहा वाजता आम्ही नऊ जण.
फ्लॅट अठ्ठेचाळीस, माणसं वीस लागतात,
खुर्च्या पन्नास, नऱ्ह्याच्या मंडपवाल्याकडून.
चेअरमन पासलकरांची गाडी त्यापायी बाहेर रस्त्यावर,
तीनदा उठून बघून आले, आहे ना.

"गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब,"
सेक्रेटरीबाई म्हणाल्या
आणि त्याच खुर्चीत बसून राहिल्या.
अर्ध्या तासानं नऊही चालतात, असा नियम आहे.
म्हणजे दर वर्षी
टँकर कुणाचा, रंग कुठला, पार्किंग कुणाला
हे ठरवणारी माणसं
तीन रिक्षांत मावतील एवढी,
आणि मी वर, गादीत,
मेंटेनन्स वेळेवर भरते म्हणून निर्धास्त.

चहा गंगाधरनं आणला, टोपी काखेत धरून.

मग उकिडवे उठले. अहवालाच्या प्रतीवर लाल पेन.
"पान सहा. बल्ब, चौदाशे चाळीस. कुठले बल्ब?"
मणियारांनी पिशवीतून फाईल काढली, फाईलमधून बिल.
उकिडव्यांनी ते उजेडाकडे धरलं,
वास घेतात की काय असं वाटलं.
मग पान सात.

मागे बिराजदार उभे, भाडेकरू, बी विंग.
"तुम्हाला मत नाही," कुणीतरी आठवण दिली.
"मत नको हो," ते म्हणाले,
"पाणी कधी सोडणार, तेवढी वेळ सांगा."
बोअर जानेवारीपासून कोरडी.
सहा ते सात ठरलं. हात वर, नऊ.
माझाही. हलका वाटला, जरा परका.

विषय क्रमांक आठ:
अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय.
हे वाचतात आणि कागदाची घडी घालतात.
घडी अर्धी झालेली असताना मी उभी राहिले.

लॅबची दुसरी पाळी संपवून
धायरी फाट्यावरून चालत येते मी, साडेअकरा होतात.
गंगाधर बाटली घेऊन
शेजारच्या मोकळ्या प्लॉटची भिंत चढताना दिसायचा.
मी मोबाईल बघत पुढे जायचे, तो अंधाराकडे बघायचा.
दिवाळीनंतर प्लॉटला पत्रे लागले.
आता कुठे जातो, विचारलं नाही.
विचारण्यासारखं नव्हतं.

"जिन्याखाली संडास आहे," मी म्हणाले, "नकाशात आहे.
आत गणपतीचं मखर, रंगाचे डबे, कुणाचा तरी पाळणा.
मोकळा करावा. नळ बसवावा. वॉचमनसाठी."

"ते एजन्सीनं बघायचं ना?"
"आठ दिवस आधी लेखी द्यायला हवं होतं."
पासलकर पुन्हा गाडीकडे.
सेक्रेटरीबाईंनी पेन उघडलं,
"सूचक तुम्ही. अनुमोदक?"

कोणी नाही.
गंगाधर कप गोळा करत होता,
एकात एक, एकात एक,
नऊ कपांना लागावा त्याहून बराच वेळ.

"मी," उकिडवे म्हणाले, मान न उचलता.
"मखर टाकायचं नाही, गच्चीवर न्यायचं.
आणि नळाची तीन कोटेशनं.
बल्बासारखं नको."

महिन्याभरानं इतिवृत्त लागलं, त्याच टाचणीवर.
जिन्याखालच्या दाराला तोवर कडी बसली होती, आतून.
ठराव अकरा, सूचक: सौ. विशाका ढमढेरे.
मी विशाखा. आणि सौ. नाही.
दुरुस्ती पुढच्या सभेत, उकिडवे म्हणाले, विषय क्रमांक एक,
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
तुम्ही स्वतः हजर पाहिजे.
दहाला या, साडेदहाला नको.