आसन क्रमांक सत्तेचाळीस

लातूर, एमआयडीसी, तळमजला.
इमारतीला पाच वर्षं झाली,
म्हणून तिची परीक्षा घ्यायला मला पाठवलंय.
पिशवीत तापमापक, उजेड मोजायचं यंत्र
आणि एकशे बारा प्रश्नावल्या:
समाधानी आहात का? एक ते पाच.

सगळ्यांनी तीन लिहिलंय.
एकाच माणसानं बसून भरल्या असाव्यात,
शाई एकच आहे.

भिंतीवरचा आकडा चोवीस म्हणतो.
खरं आहे, त्या भिंतीपाशी चोवीसच आहे,
एसीच्या थेट तोंडात.
तिथं वसुलीच्या सुलभा उटगे
एप्रिलात स्वेटर घालून.
"थंडी वाजायली तरी करावं काय?
डबीला कुलूप हाय, किल्ली सायबाकडं,
अन् सायेब पुण्याला गेल्यात."

बैठकीची खोली: आसनं वीस,
वापर महिन्याला दीड तास.
डबे जिन्याखाली उघडतात,
नकाशात तिथं 'मोकळी जागा' लिहिलंय.
रज्जाक वायरमन मोटरच्या खोकल्यावरून सांगतो
टँकरचं पाणी किती उरलं.
त्याचा कान माझ्या यंत्रांच्या यादीत नाही.

मग सत्तेचाळीस.
पश्चिमेची काच, दुपारी साडेतीन, अडतीस अंश.
उजेड इतका की कागद वाचवत नाही.
शिवलिंग कोनाळे, जावक विभाग, निवृत्तीला दोन वर्षं.
काचेला पुठ्ठा, तूरडाळीच्या खोक्याचा.
आत तीन गार खुर्च्या रिकाम्या.
मी लिहून टाकलं: हलवावे.

"राहू द्या मॅडम."
घाम पुसला, रुमालाची घडी केली.
"हितून दार अकरा पावलं हाय.
तिकडून सव्वीस, अन् मधी कपाटं."
मला वाटलं, विडीसाठी.
"त्र्याण्णवला मी दारात झोपलो व्हतो.
आतले..."
तेवढ्यात टपालाचा पोरगा आला.
कोनाळेंनी तीन पाकिटांवर शिक्के मारले,
नीट, जोर लावून.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी चालून बघितलं. माझी तेरा भरली.

शिफारस खोडली.
कारणाच्या रकान्यात चाळीस अक्षरं मावतात.
'दार जवळ' एवढंच लिहिलं.
खाली जोडलं: काचेला बाहेरून सावली करणे,
वाटेतली कपाटं काढणे, खर्च नगण्य,
आणि त्या दाराची कडी
कामाच्या वेळात कुणी लावू नये.