खुंटी

रीगाच्या त्या गॅलरीत, दाराला लागूनच,
एक जुना कोट लटकलाय.
बाहेर उणे अकरा.
आत येणारा जो तो
आपला कोट तिथंच अडकवायला जातो.

लिंडनचं लाकूड आहे, हात नको,
व्हिसवाल्दिस खुर्चीतूनच सांगतो.
तोवर हात लागलेला असतो.

काल एक म्हातारी आली, पिशवीत बीट.
कॉलर सरळ करायला गेली,
कॉलर हलेना.
मग कोपराच्या झिजेवरून,
दोऱ्यासकट कोरलेल्या, सुटू घातलेल्या बटणावरून
बोट फिरवत राहिली.
त्यानं ओरडायला तोंड उघडलं, मिटलं.
"खिशात काय?"
"खिसा उथळ आहे, बाई. दोन बोटं जातील."
तिनं दोन बोटं घातली.

खुंटीचं कुणीच विचारत नाही.
खुंटी कापडाची आहे.
इल्गानं शिवलेली, आत कापूस,
लाकडाच्या रेषा तपकिरी टाक्यांनी काढलेल्या.
कोट मागून स्क्रूनं भिंतीत पक्का;
लटकलीये ती खुंटी,
कोटाला.

दिवे मालवताना व्हिसवाल्दिस
तिला अंगठ्यानं जरा दाबतो.
दबते.
पुन्हा भरून यायला वेळ लावते फार.
तो थांबतो.
साडेसहाची ट्राम रोज चुकते.