शेऱ्याचा रकाना

सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी
मी कुणाला न सांगता बटण दाबलं.
पेजर वाजले असतील खोऱ्यात सात ठिकाणी:
खाटकाच्या ॲप्रनवर, शाळेच्या स्वयंपाकघरात,
लोकर कातरणाऱ्याच्या कमरेला,
आणि एक कुठेतरी उशीखाली.

हातात स्टॉपवॉच, काखेत छापील तक्ता.
लानवेरिगचं अग्निशमन केंद्र म्हणजे
एक बंब, ओलीने फुगलेलं एक लाल दार,
आणि दार अडलं की लाथ नेमकी कुठे घालायची
हे ठाऊक असलेली माणसं.

चौथ्या मिनिटाला टेगवेन आली,
शाळेची स्वयंपाकीण, मनगटापर्यंत पीठ.
सहाव्याला हेद्विन, पोस्टाची गाडी तशीच सुरू ठेवून.
मग कोणीच नाही.

बंब हलायला चार माणसं लागतात.
दोघं गणवेश चढवून, हेल्मेटचे पट्टे आवळून
बंबाच्या दोन अंगांना उभी राहिली,
फोटोवाल्याने उभं केल्यासारखी.
मी घड्याळ चालूच ठेवलं.
बाराव्या मिनिटाला टेगवेन म्हणाली,
"आता बंद करा ते. घर जळून गेलं."

मग दप्तर.
श्वसनसंचांच्या नोंदी चोख, शिडीची चाचणी वेळच्या वेळी.
हायड्रंट नकाशावर अकरा, जमिनीवर सात.
एकावर गोठ्याचा उकिरडा, एकावर नवं डांबर,
उरलेले दोन कुणी पाहिलेलेच नाहीत.
आणि टी-ग्विन नावाची तीन शेतघरं.
टी-ग्विन म्हणजे पांढरं घर;
पूर्वी इथे चुना स्वस्त असावा.
गेल्या फेब्रुवारीत आग एका टी-ग्विनला,
बंब दुसऱ्या टी-ग्विनच्या फाटकात.
म्हण म्हणून ठीक आहे रामेश्वरी-सोमेश्वरी.
इथे मधे डोंगर होता, एकोणीस मिनिटांचा,
आणि ग्वेनल्यान प्रोसर, वय एक्याऐंशी.

हेद्विनने खणातून वही काढली.
निळी, शाळकरी, कोपरे तेलकट.
घरटी एक ओळ:
*वरचं टी-ग्विन. जिना अरुंद. ऑक्सिजन पलंगाच्या डावीकडे.*
*गिरणीपाशी. कुत्री मोकळी असते. 'नेल' म्हणून हाक मारा.*
*पुलापलीकडे. म्हातारा खालीच झोपतो, विचारलं तर वर म्हणतो.*
*प्रोसर.*
आणि पुढे काही नाही.
रेघ मारलेली नव्हती. खोडलंही नव्हतं.

"ही वही मुख्यालयाला माहीत आहे?"
"विचारलं नाही कुणी."
माझ्या तक्त्यात वहीला रकाना नव्हता.
समासात लिहिलं.

शेरा मात्र रकान्यातच लिहावा लागतो.
सुधारणा आवश्यक.
अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.
टेगवेनने चष्मा लावून वाचलं, म्हणाली, "बरोबर आहे."
भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या ऑक्टोबरात परत गेलो.
हायड्रंटपाशी पिवळ्या पाट्या,
तिन्ही टी-ग्विनच्या फाटकांवर तीन आकडे.
वही बंबातल्या पडद्यावर चढलेली;
नेल वारली, तिथे आता 'फ्लॉस' आहे.
शाळेने लिहून दिलंय: पेजर वाजला की टेगवेन मोकळी,
जेवणाला सँडविच आणि बिस्किट.
मुलं आगीची वाट बघतात म्हणे.
दार तेवढं अजून फुगतं.

बटण दाबलं.
तिघं आली. चालक धरून तिघं.
आम्ही सगळेच रस्त्याकडे बघत राहिलो.
पाच मिनिटं. सहा.
वळणावर मेंढ्यांनी रस्ता भरून टाकलेला
आणि त्यांच्या मधून कुणीतरी पळत येत होतं,
एका हातात कातर,
लोकरीने पांढरं झालेलं.

माझा अंगठा घड्याळावर गेला.
"थांबा," टेगवेन म्हणाली,
"अजून बंद करू नका."