चौदा पानं

बेचाळीस होती. पलंगावर मावेनात,
मग फरशीवर मांडली, पंखा बंद करून.
फैजपुरात, मे महिन्यात, भर दुपारी
पंखा बंद करून.
यावरून काय ते ओळखा.

फालक मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या:
"पाहणारा माणूस चार मिनिटं देतो, यामिनी.
त्यातली दोन चहात जातात.
जे तुझं नाही ते आधी काढ."

जे माझं नाही.
पहिल्या वर्षाचे गाऊन गेले,
नऊ डोक्यांएवढ्या उंच, पावलं नसलेल्या बायका;
असली बाई आमच्या गल्लीतून
दळणाचा डबा घेऊन कधी गेलेली नाही.
राजस्थानी घागरा गेला,
मी राजस्थान न बघता काढलेला.
नवरीचं मखमली पान काढताना हात अडला.
त्यावरच्या टिकल्या आईनं चिकटवल्या होत्या,
भाजी गॅसवर करपू देऊन.
ते फाडलं नाही. गादीखाली सरकवलं.

उरली अकरा.
अकरा पानांवर कोण नोकरी देतं?

शब्बीरभाई तडवी केळी कापतो.
घड खांद्यावर घेऊन बांधावरच्या गाडीपर्यंत,
दिवसाला किती खेपा, तो मोजत नाही.
त्याचा सदरा मूळचा पांढरा.
चीक पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो,
पडला हेही कळत नाही.
दुसऱ्या दिवशी तांबूस. पंधरवड्यानं काळा.
मग साबण, लिंबू, रॉकेल,
कुणाचंच ऐकत नाही.

मी तो सदरा मागितला. तो लाजला.
"फाटेल कपडा काय करशीन व? नवा देतो ना."
नवा नको, म्हटलं. खांद्याचाच पाहिजे.

उजव्या खांद्यावर दाट,
पाठीवर उतरत गेलेले थेंब,
डावी बाही जवळजवळ कोरी.
एवढी नेमकी मांडणी
मला तीन वर्षांत एकदाही जमली नव्हती.
ट्रेसिंग पेपर ठेवला आणि मुकाट्यानं उतरवून घेतली.
मग मांजरपाट घेतला, खरा चीक पाडला,
गच्चीवर वाळत टाकला, रोज सकाळी फोटो.
शेजारच्या सरोदेकाकू विचारायच्या,
"काय मेलं का कोणी त्या कपड्यावर?"

जाकीट शिवलं.
पहिल्या नमुन्याची काख चुकली,
हात वर केला की सगळं जाकीट वर.
घड उचलणाऱ्याला काय उपयोग?
काख दीड सेंटिमीटर वर घेतली, बाही पुन्हा बसवली.
चुकलेल्याचा फोटोही लावला,
खाली पेन्सिलीनं तेवढंच लिहिलं.
घातलं रुखसारनं, शब्बीरभाईच्या मुलीनं,
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे,
उंची पाच फूट एक.
मी मोजलं: साडेसहा डोकी. पावलांसकट.

झाली चौदा.
वर पुठ्ठा केळीच्या खोक्याचा,
आतल्या बाजूला छापील अक्षरं तशीच ठेवली:
निव्वळ वजन तेरा किलो.

आई दारात उभी राहून बघत होती.
"लोक डाग लपवून लग्नं जमवतात,
तू डाग दाखवून नोकरी मागशीन?"
मग आत गेली आणि
उन्हाळ्यात बाहेर न निघणारी चांगली इस्त्री
माझ्या कुर्त्यावर फिरवू लागली.

भुसावळहून रात्रीची गाडी. नंदुरबारला चहा,
नवापूरला डोळा लागला,
मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर दोन्ही हात.

सुरत. चौथा मजला. काचेचं टेबल.
चष्म्यातली एक बाई पानं उलटते,
भराभर, पत्ते वाटल्यासारखी,
आणि बाराव्या पानावर थांबते.
जोडलेला कापडाचा तुकडा आधी नुसता बघते.
मग नखानं खरवडते.
मग स्वतःचं नख बघते.

मी काही बोलत नाही.
चहा अजून आलेला नाही.