जाणं चालू, येणं बंद

बाई फोनवर म्हणाल्या, मेल जातात, पण येत नाहीत.
आठवडा झाला.
मी म्हटलं, केबल बघा. म्हणाल्या, बघितली.
बंद करून चालू करा. म्हणाल्या, अहो, रोज संध्याकाळी
आमचा मेन स्विचच खाली येतो, शेठना आगीची भीती.
हे वाक्य मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

मस्जिद बंदर, काझी सय्यद स्ट्रीट, दुसरा मजला.
जिनाभर लवंगेचा वास,
हातगाडीवाल्याचं “बाजू, बाजू” वरपर्यंत चढून येतं.
पाटी: खंबाती अँड सन्स, क्लिअरिंग एजंट.
सन्स कॅनडात.
टेबलं सहा, माणूस एक:
विजयमाला परुळेकर,
एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर.

इंटरनेट चालू. पासवर्ड बरोबर,
डायरीच्या शेवटच्या पानावर, मांजरीचं नाव आणि चार आकडे.
जागा भरलेली नाही. स्पॅम रिकामं.
अँटिव्हायरस बंद करून पाहिला, देवाचं नाव घेऊन.
मग मोबाईलवर तेच खातं उघडलं
आणि मेल तिथे होते. सगळे. रांगेत.
म्हणजे पोस्टमन दारात, आणि कडी आतून.

मी म्हटलं, खातं काढून नव्याने जोडू.
बाईंनी माऊसवर हात ठेवला, माझ्या हातासकट.
“अठरा वर्षांचं आहे आत.”

मग चहा, सुंठ जास्त झालेली.
मग पोर्टचे आकडे, फोल्डर, नियम,
आणि एक जुना इशारा,
माझ्याआधीच्या कुण्या पोरानं
‘हे पुन्हा दाखवू नका’वर टिचकी मारून गप्प केलेला.
मी त्याला बोलू दिलं.
तो म्हणाला: प्रमाणपत्र अजून वैध झालेलं नाही.
अजून?
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली,
मुंगीएवढ्या अक्षरांत:
एक जानेवारी, दोन हजार दहा.

आतला सेल मेला होता. स्विच वर गेला की
मशीन रोज सकाळी त्याच तारखेला डोळे उघडायचं,
आणि पुढच्या कुठल्यातरी सालाचा शिक्का घेऊन कुणी आलं
तर कोण दार उघडेल?
मी असतो तरी उघडलं नसतं.
(पाठवायची वाट जुनी, बिनकुलपाची, म्हणून जाणं चालू.)

“दोन हजार दहा,” बाई म्हणाल्या,
“तेव्हा नऊ जण होतो. डब्यांना टेबल पुरायचं नाही.”
एवढंच. आणि खणातून शंभरची नोट काढून दिली.

सेल खाली घड्याळवाल्याकडे मिळाला,
चाळीस रुपये, नव्या रुपयाएवढा.
डबा उघडला: धूळ, टाचणी, एक वाळलेलं झुरळ.
तारीख काय आज, मी विचारलं.
कॅलेंडरकडे न बघता: “चतुर्थी. म्हणजे सतरा.”

दोनशे चौदा आले.
बाईंनी आठवडाभर मोंबासाच्या न्जोरोगेला विचारलं होतं,
कागद कुठे, कागद कुठे, सात वेळा,
आणि त्याची सात उत्तरं आता एकाखाली एक उतरत होती:
पाठवलेत.
पुन्हा पाठवतोय.
मॅडम, कंटेनर न्हावा शेव्याला उभा आहे, भाडं चढतंय.
मॅडम, तुम्ही वाचता तरी का?
आणि रविवारी रात्रीचं, सगळ्यात खाली:
कागद राहू द्या. तुम्ही बऱ्या आहात ना?

एकोणीस वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही.
बाईंनी वरचा चष्मा खाली घेतला, खालचा वर,
पुन्हा वाचलं,
आणि कॅल्क्युलेटरवर भाड्याचा हिशेब सुरू केला,
दोनदा चुकला.

सहाला मेन स्विच खाली.
मोबाईलच्या उजेडात मी बिल लिहिलं:
सेल, चाळीस. येणं-जाणं, दीडशे.