आठ एमएम

सांग्याच्या बाजारात, मासळीच्या शेडमागे
माझं दुकान. पाटी नाही. लोक विचारत येतात.
पियेदादने सिमेंटच्या पिशवीत गुंडाळून आणली
कायतानची चेनसॉ,
मेजावर ठेवली आणि स्वतः बसली
बाकाच्या डाव्या टोकाला,
उजवीकडे एका माणसाची जागा सोडून.

"पुतण्याला द्यायचीय. कुंपणावर फणस पडलाय.
आवाज कमी कर, पुता. ताकद तेवढी राहू दे."
सगळे हेच मागतात.
मोटारसायकलवाली पोरं तेवढी उलटं मागतात :
आवाज वाढव, ताकदीचं मग बघू.

सायलेन्सरचे दोन बोल्ट. एक जागेवर,
दुसऱ्याच्या जागी पिळलेली तार.
गॅस्केट म्हणजे करपलेल्या पापडाचा तुकडा.
जाळी काजळीने अशी बुजलेली
की फुंकर मारली ती माझ्याच डोळ्यांत परत.
सायलेन्सर निघाला की भोकातून पिस्टन दिसतो.
मी दोरी हळूच ओढली. तो वर आला, खाली गेला,
अंगावर उभे ओरखडे घेऊन.
तेल कमी पडलं, मी मनात म्हटलं,
कायतान बाटलीच्या बुचाने मापायचा,
आणि बूच कुठल्या बाटलीचं, ते त्या दिवसावर.

मग सायलेन्सर उलटा केला.
तीन भोकं.
तिसरं जरा घसरलेलं,
कारण ते पाडताना वीज गेली होती
आणि बिट आत असतानाच परत आली होती.

भोकं माझी.

चार वर्षं झाली. तो इथेच उभा होता :
"गुदमरते रे ही, म्हाबळू. मोकळी कर."
मी आठ एमएमचा बिट लावला, दोनशे घेतले.
सुरू केली तशा मासळीवाल्या शिव्या देत उठल्या,
मांजरं बांगडे टाकून पळाली,
आम्ही दोघं पोट धरून हसलो
आणि एकमेकांचं हसणं आम्हाला ऐकू आलं नाही.

पुढे त्याचा उजवा कान गेला, हे गावाला ठाऊक.
त्याच्या पुढचंही ठाऊक.
नेत्रावळीच्या वाटेवर, किंदळाखाली,
चौघे ओरडले होते.
चौघेही उजवीकडून.

मी पत्र्याच्या तीन टिकल्या कापल्या.
पितळेची कांडी, गॅसची निळी जीभ.
पत्रा पातळ, क्षणभर जास्त थांबलं की वाहून जातो.
दोन भोकं सरळ बुजली.
घसरलेलं तीनदा उकललं.
मूळ तोंड कानशीने रुंद केलं,
त्याला चोच बसवली, पुढे वळलेली, माणसापासून दूर.
मग कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव आटा बाहेर :
मोकळ्या इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं,
पेट्रोलबरोबरच तेल जातं आत.
तेव्हा हे केलं नव्हतं.
बुचाला मी उगाच बोल लावला.

तिसऱ्या ओढीला पेटली.
आवाज आहे. करवतच ती, आवाज असणार.
पण त्या आवाजातूनही पलीकडून
सुंगटांचा भाव नीट ऐकू आला,
आणि बाकावरून पियेदाद काहीतरी म्हणाली.

मी रेस सोडली. "काय?"

"काही नाही.
ऐकू येतं का, बघत होते."

किती झाले, तिने विचारलं.
मी म्हटलं, राहू दे, बघू मग.
तिने पान्याखाली नोटा सरकवल्या,
करवत परत पिशवीत घातली, पिशवीचं तोंड सुंभाने बांधलं
आणि कुडचड्याची बस हात करून थांबवली.
डाव्या खिडकीत बसली असती,
तिथे कोणी होतं. उभीच राहिली.

नोटा किती, मी पाहिलं नाही.
संध्याकाळी रिव्हणच्या पंपासाठी तोच पाना लागत होता.
मी शेजारच्याकडून मागून आणला.